मिशिलिमॅकिनॅकची बराक

मिशिगन व ह्युरॉन या सरोवरांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीकाठी फ्रेंचांनी १७१५ मध्ये मिशिलिमॅकिनॅक किल्ला बांधला. ओंडक्यांच्या तटाआड वस्ती होती ती मुख्यतः फर-व्यापाऱ्यांची. १७६१ मध्ये इंग्रज फौज आली, तेव्हा तिच्यासाठी बराक नव्हती. शिपाई भाड्याच्या घरांत राहत. २ जून १७६३ रोजी ओजिब्वे योद्ध्यांनी चेंडूच्या खेळाचे निमित्त करून किल्ला घेतला. अनेक शिपाई मारले गेले. फ्रेंच रहिवाशांना मात्र धक्का लागला नाही. शेजारी राहूनही इंग्रज परकेच राहिले होते. १७६४ मध्ये ते परतले आणि १७६९ मध्ये शिपायांसाठी स्वतंत्र बराक उभी राहिली. तेथे १९५९ पासून उत्खनन चालू आहे. शिपायाचा निवारा कोठे व कोणाच्या शेजारी होता, यावरून सत्तेचे रहिवाशांशी असलेले नाते अभ्यासता येते.