कलनगणिताचे अध्यापन आणि माध्यमभाषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील कलनगणिताच्या अध्यापनाचा इतिहास हा बहुतांशी माध्यमभाषेचा इतिहास आहे. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकविणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी (मृत्यू १८४६) ‘शून्यलब्धि’ हा या विषयावरील ग्रंथ मराठीत रचला होता. मात्र १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि हा प्रवाह क्षीण झाला.

विद्यापीठाने २०११-१२ पासून प्रथम वर्षास श्रेयांकाधारित सत्रपद्धती लागू केली. पहिल्या सत्रातील संकल्पना आत्मसात झाल्या, असे गृहीत धरूनच दुसऱ्या सत्रातील अपेक्षा ठरतात. मोखाडा तालुक्यातील पोशेरासारख्या गावातून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची घरची बोली वारली, कोकणा वा कातकरी, शाळेची भाषा मराठी आणि विज्ञान शाखेची इंग्रजी असते. तिसऱ्या भाषेत सिद्धता लिहिताना आलेले अपयश गणिताचे की भाषेचे, हे गुणपत्रिका सांगत नाही.

मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडातील ‘अवकलन व समाकलन’ ही नोंद पाहता परिभाषेची उणीव हे कारण टिकत नाही. सारांश, उपस्थिती व अंतर्गत मूल्यमापनाच्या नियमांइतकेच द्विभाषिक अध्यापनाचे धोरणही अगत्याचे आहे.