इफेक्ट्स लूप (गिटार)

इफेक्ट्स लूप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या संकेतमार्गात केलेली एक जोडव्यवस्था होय. तिच्यामुळे ॲम्प्लिफायरमधून किंवा पेडलमधून जाणारा संकेत मध्येच बाहेर काढता येतो, दुसऱ्या उपकरणाकडून त्यावर संस्कार करून घेता येतो आणि तो पुन्हा मूळ मार्गात आणता येतो. संकेत बाहेर नेणाऱ्या जोडणीस ‘सेंड’ आणि परत आणणाऱ्या जोडणीस ‘रिटर्न’ म्हणतात. ही सोय प्रथमतः परिणाम योग्य क्रमाने लावण्यासाठी असली, तरी वादकांनी तिचा उपयोग नवे ध्वनी घडविण्यासाठीही केला आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः पेडलमधील लूप आणि त्याचे सर्जनशील उपयोग यांचा विचार केला आहे.

## मूलतत्त्व

गिटारच्या परिणामांमध्ये क्रमाला फार महत्त्व असते. डिस्टॉर्शन किंवा फझ हे संकेताचा आकारच बदलतात. दोन स्वर एकत्र त्यांतून गेले, तर त्या स्वरांच्या कंप्रतांच्या बेरजा व वजाबाक्यांइतक्या कंप्रतांचे नवे ध्वनी उत्पन्न होतात. म्हणून डिले हे पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवल्यास जुन्या स्वराचा प्रतिध्वनी आणि नुकताच छेडलेला स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. तेच डिले डिस्टॉर्शननंतर ठेवल्यास प्रत्येक प्रतिध्वनी स्वतंत्र व स्पष्ट ऐकू येतो.

ज्या वादकाला डिस्टॉर्शन ॲम्प्लिफायरच्या प्रीॲम्पमधूनच मिळते, त्याला डिले प्रीॲम्पच्या पुढे लावायचे तर ॲम्प्लिफायरमध्येच शिरावे लागते. प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्यामध्ये सेंड व रिटर्न देऊन ही अडचण दूर करण्यात आली. हेच तत्त्व पुढे पेडलमध्ये आले. पेडलच्या आतील दोन टप्प्यांच्या मध्ये दार उघडले, की त्या जागी दुसरे कोणतेही पेडल बसविता येते.

## पूर्वपीठिका

सेंड आणि रिटर्न ही कल्पना ध्वनिमुद्रणगृहातील मिक्सरवरून आली. मिक्सरवर एखाद्या वाहिनीतील ध्वनीचा काही अंश प्रतिध्वनियंत्राकडे पाठवून त्याचा परिणाम मूळ ध्वनीत मिसळता येत असे. १९७०च्या दशकात जमैकातील किंग्स्टन येथे किंग टबी या ध्वनितंत्रज्ञाने या साध्या सोयीला वाद्याचा दर्जा दिला. गाण्यातील एखादाच शब्द किंवा ड्रमचा एखादाच आघात तो प्रतिध्वनीकडे सोडी आणि बाकीचे संगीत कोरडे ठेवी. ‘डब’ या संगीतप्रकाराची ही एक प्रमुख ओळख ठरली.

दुसरा धागा टेपरेकॉर्डरचा आहे. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो यांच्या ‘नो पुसीफूटिंग’ (१९७३) या संग्रहासाठी दोन टेपरेकॉर्डर जोडलेले होते. पहिल्यावर मुद्रित झालेला स्वर टेपबरोबर दुसऱ्यापर्यंत जाई, तेथे वाजे आणि पुन्हा पहिल्याकडे मुद्रणासाठी येई. अशा रचनेत टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि यंत्रांतील अंतर २ मीटर असेल, तर सुमारे साडेदहा सेकंदांनी स्वर परत येतो. एकच गिटार त्यामुळे स्वरांचा थर रचत जाते. संकेत फिरवून पुन्हा आपल्याच मार्गात आणण्याचे हे तत्त्व आजच्या अनेक पेडलांतील लूपच्या मुळाशी आहे.

## प्रकार

एकसर लूप. यात संपूर्ण संकेत बाहेर जातो आणि संस्कारित होऊनच परत येतो. लूपमधील पेडलची तार निघाली तर आवाज पूर्ण बंद पडू शकतो.

समांतर लूप. यात संकेताचे दोन भाग होतात. एक भाग तसाच पुढे जातो, दुसरा लूपमधून फिरून येतो आणि शेवटी दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळतात. हे प्रमाण ठरविण्यासाठी सामान्यतः ‘ब्लेंड’ किंवा ‘मिक्स’ नावाचे बटण असते.

लूप स्विचर. यात स्वतःचा परिणाम नसतो, फक्त एक किंवा अनेक लूप असतात. पायाने एक खटका दाबला, की लूपमधील सर्व पेडले एकदम मार्गात येतात वा मार्गाबाहेर जातात. बॉस कंपनीच्या एलएस-२ या पेडलमध्ये असे दोन लूप असून ते आलटूनपालटून किंवा एकत्र मिसळून वापरता येतात.

काही पेडलांत जागेअभावी सेंड व रिटर्न एकाच स्टिरिओ जॅकवर दिलेले असतात. तेथे एका टोकाला दोन फाटे असलेली वाय आकाराची तार लागते.

## सर्जनशील उपयोग

### मूळ स्वर राखून डिस्टॉर्शन

बास गिटारवर डिस्टॉर्शन लावले, की खर्जाचा भरीवपणा बहुधा उणावतो. समांतर लूपमध्ये डिस्टॉर्शन ठेवून मूळ संकेत बाजूने जाऊ दिल्यास खर्ज टिकतो आणि वर धार चढते. हीच युक्ती गिटारवर केल्यास जड डिस्टॉर्शनमध्येही तारेवरील नखीचा आघात स्पष्ट राहतो. दोन लूप असल्यास एकात फझ व दुसऱ्यात कोरस ठेवून दोन वेगळ्या ‘गिटारी’ एकदम वाजत असल्याचा भास निर्माण करता येतो.

### वादनाची संवेदना राखणे

एन्व्हलप फिल्टर हे पेडल तार जितक्या जोराने छेडावी तितके अधिक ‘उघडते’. त्याच्या आधी फझ लावला, तर फझ सर्व आघात जवळजवळ सारखे करून टाकतो आणि फिल्टरला हळू-जोर कळेनासा होतो. फझ नंतर लावला, तर फिल्टरची वळणे त्यात दबून जातात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या क्यू-ट्रॉन प्लसमध्ये लूप नेमका प्रीॲम्प व फिल्टर यांच्यामध्ये आहे. आघाताचे मोजमाप शुद्ध संकेतावरून होते आणि फिल्टर मात्र फझने समृद्ध केलेल्या ध्वनीवर चालतो.

बॉस एनएस-२ या गोंगाट-नियंत्रक पेडलमध्येही हेच सूत्र आहे. गिटार प्रथम या पेडलमध्ये येते, गोंगाट करणारी डिस्टॉर्शन पेडले त्याच्या लूपमध्ये असतात. वादक वाजवीत आहे की थांबला आहे, हे पेडल शुद्ध संकेतावरून ओळखते, पण दार बंद करते ते लूपमधून परतलेल्या ध्वनीवर. त्यामुळे लांबत जाणारा स्वर मध्येच तुटत नाही. तालाच्या नेमक्या जागी एकदम शांतता आणण्यासाठीही वादक या रचनेचा उपयोग करतात.

### केवळ परिणामावर परिणाम

काही पेडलांत लूप फक्त परिणामित ध्वनीवर चालतो, मूळ गिटार अस्पर्श राहते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे सुपरइगो हे पेडल एखादा स्वर वा स्वरसमूह पकडून तो अखंड धरून ठेवते. त्याच्या लूपमध्ये ट्रेमोलो, फेजर किंवा रिव्हर्ब ठेवल्यास धरलेला स्वर हलता राहतो आणि त्यावर वादक साध्या ध्वनीत आलाप करू शकतो. एकट्या वादकाला स्वतःची साथ स्वतःच निर्माण करण्याचा हा मार्ग आहे.

### प्रतिपोषणाच्या वाटेत परिणाम

सर्वांत फलदायी उपयोग डिलेच्या प्रतिपोषण मार्गात आढळतो. डिलेमध्ये प्रत्येक प्रतिध्वनीचा काही भाग पुन्हा सुरुवातीला पाठविला जातो. हे प्रमाण निम्मे असेल, तर प्रत्येक फेरीत ध्वनी सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि दहाव्या फेरीत सुमारे ६० डेसिबलने उतरून जवळजवळ विरतो. डिलेचा अवधी ४०० मिलिसेकंद असेल, तर यास ४ सेकंद लागतात.

मूग कंपनीच्या एमएफ-१०४ या ॲनलॉग डिलेमध्ये या फेऱ्याच्या मध्येच लूप दिलेला आहे. तेथे ठेवलेल्या पेडलचा परिणाम एकदाच न होता फेरीगणिक साचत जातो:

* फिल्टर: उच्च कंप्रता कापणारा फिल्टर ठेवल्यास प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मंद व दूरचा वाटतो. खालच्या कंप्रता कापल्यास तो पातळ होत जातो.
* स्वरांतर: एक सप्तक वर नेणारे पेडल ठेवल्यास ११० हर्ट्झचा स्वर अनुक्रमे २२०, ४४० व ८८० हर्ट्झ असा चढत जातो. रिव्हर्बच्या फेऱ्यात स्वरांतर घालून मिळणाऱ्या झगमगत्या ध्वनीस ‘शिमर’ म्हणतात. ब्रायन इनो आणि डॅनियल लान्वा यांच्या ध्वनिमुद्रणांशी हे तंत्र विशेषत्वाने जोडले जाते.
* फेजर: प्रत्येक फेरीत वळणे दाट होतात.
* डिस्टॉर्शन: प्रत्येक प्रतिध्वनी अधिक खरखरीत होतो. मात्र यामुळे फेऱ्यातील वर्धन वाढते, म्हणून आवाज आधी कमी करावा लागतो.

फेऱ्यातील एकूण वर्धन एकाहून अधिक झाले, की प्रतिध्वनी विरण्याऐवजी वाढू लागतात आणि पेडल आपोआप गुंजू लागते. यास स्वयंदोलन म्हणतात. काही वादक हीच अवस्था नियंत्रित ठेवून वापरतात.

### वाद्याविना ध्वनी

लूप स्विचरचे निर्गम दोन भागांत विभागून त्यातील एक भाग पुन्हा आगमाकडे जोडल्यास लूपमधील साधी पेडलेही स्वयंदोलन करतात. गिटार नसतानाही बटणे फिरवून स्वर, टिकटिक व गर्जना काढता येतात. जपानी संगीतकार तोशिमारू नाकामुरा यांनी मिक्सरचे निर्गम त्याच्याच आगमाशी जोडून, बाहेरून कोणताही ध्वनी न देता वादनाची स्वतंत्र शैली घडविली. पेडलांवरील हे प्रयोग त्याच जातीचे आहेत.

### चार तारांची पद्धत

बहुपरिणामी पेडलमध्ये लूप असल्यास गिटार पेडलच्या आगमास, पेडलचे सेंड ॲम्प्लिफायरच्या आगमास, ॲम्प्लिफायरचे सेंड पेडलच्या रिटर्नला आणि पेडलचे निर्गम ॲम्प्लिफायरच्या रिटर्नला जोडतात. त्यामुळे एकाच पेडलमधील वाह व फझ प्रीॲम्पच्या आधी, तर डिले व रिव्हर्ब नंतर ठेवता येतात.

## मर्यादा व दक्षता

संकेतपातळी. गिटारचा संकेत साधारणतः व्होल्टच्या दशांशांत असतो. ध्वनिमुद्रणगृहातील +४ डीबीयू ही पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही ही पातळी सुमारे ०.३२ व्होल्ट असते. ॲम्प्लिफायरचा लूप उच्च पातळीचा असल्यास गिटारसाठी बनविलेले पेडल त्यात फाटका आवाज देते.

कलाविरोध व विलंब. समांतर लूपमधील पेडल संकेत उलटा करीत असेल, तर मूळ संकेताशी मिसळताना दोन्ही एकमेकांस छेद देतात आणि आवाज पोकळ होतो. डिजिटल पेडलला लागणारा अल्प विलंबही असाच बाधक ठरतो. दोन समान भागांत १ मिलिसेकंदाचा फरक असल्यास ५०० व १५०० हर्ट्झ येथे ध्वनी नाहीसा होतो.

बफर. जुन्या धर्तीच्या अनेक फझ पेडलांचा आगमरोध कमी असतो आणि ती थेट गिटारला जोडल्यावरच अपेक्षित ध्वनी देतात. लूपच्या सेंडमध्ये बफर असल्यास त्यांचा पोत बदलतो.

सुरक्षितता. ॲम्प्लिफायरचे स्पीकरसाठीचे निर्गम पेडलच्या रिटर्नला कधीही जोडू नये. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओमच्या स्पीकरला सुमारे २८ व्होल्ट देतो. त्याने पेडल निकामी होऊ शकते, तसेच स्पीकरविना चालविलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. प्रतिपोषणाचे प्रयोग करताना ध्वनी क्षणार्धात वाढतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास आणि १०० डेसिबलचा केवळ १५ मिनिटे ऐकणे मर्यादेत मानले जाते. श्रवणशक्तीची हानी बहुधा भरून येत नाही. म्हणून असे प्रयोग मुख्य आवाज अगदी कमी ठेवून आरंभावेत आणि ते हेडफोनवर करणे टाळावे.

## हे सुद्धा पहा

* इलेक्ट्रिक गिटार
* ॲम्प्लिफायर
* प्रतिध्वनी
* डब संगीत