रुपयाचा प्रश्न: केन्स आणि आंबेडकर

लॅबचं काम आटोपलं की रात्री मी ऑनलाइन कोर्समधून स्थूल अर्थशास्त्र शिकते. चलनाच्या धड्यावरून केन्सपर्यंत पोचले. १९१३च्या पुस्तकात त्यांनी भारतासाठी सुवर्ण विनिमय पद्धत उचलून धरली होती: रुपयाचा पौंडाशी दर स्थिर ठेवायचा.

१९२३मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहून डॉ. आंबेडकरांनी ती खोडून काढली. १९२०मध्ये आपल्या माणगावची परिषद झाल्यावर ते लंडनला परतले होते. शाहू महाराजांनी मदतही केली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारला हवे तेवढे रुपये पाडता आले, तर महागाई वाढते आणि गरीब भरडला जातो. म्हणून आधी रुपयाची देशातली खरेदीशक्ती सांभाळा.

‘रुपया घसरला’ ही बातमी वाचाल, तेव्हा हेही बघा: मंडईत त्या रुपयात काय येतं?