आशेला आधार कशाचा?

कर्करोगाच्या रुग्णाला आपण ‘आशा सोडू नका’ असे सहज सांगतो. ही आशा कशाच्या आधारावर उभी राहते, हे इतिहासात पाहण्यासारखे आहे.

१९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा हाती मुख्यतः शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हीच साधने होती. रक्ताच्या कर्करोगापुढे ती निरुपयोगी. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ आजारी मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० जणांचा आजार काही काळ ओसरला. हे औषध भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या संशोधक चमूकडून आले होते. रोग परतला, पण ‘असाध्य’ या शब्दाला तडा गेला. पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि आज प्रगत उपचार मिळणाऱ्या देशांत अशी दहापैकी सुमारे नऊ मुले पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. आजच्या रुग्णाची आशा त्या पहिल्या मुलांच्या ऋणात आहे.

औषधांबरोबर बोलणेही बदलावे लागले. अमेरिकेत १९६१ च्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर निदान रुग्णापासून लपवणे पसंत करीत. १९७९ च्या पाहणीत ९७ टक्के ते सांगण्याच्या बाजूचे होते. आपल्या घरांत मात्र ‘त्यांना कळू देऊ नका’ ही कुजबुज अजून ऐकू येते. त्यामागे माया असते, हे खरे. पण बहुधा रुग्णाला चेहऱ्यांवरून कळतेच. मग भीती त्याने एकट्याने सोसायची आणि धीर सर्वांनी मिळून द्यायचा, असे विचित्र वाटप होते.

सत्य आशा मारते काय? जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातील मेसोथेलिओमा झाला. ग्रंथांत मध्यक आयुष्य आठ महिने होते. त्यांनी आकडा टाळला नाही, नीट वाचला: निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगतात, काही तर पुष्कळच अधिक. ते आणखी २० वर्षे जगले. प्रत्येकाचे तसे होईल असे नाही. पण आकड्यात जागा कुठे आहे हे त्यांना दिसले, कारण तो आकडा त्यांनी स्वतः वाचला होता.

म्हणून रुग्णाच्या उशाशी बसताना खोटा दिलासा नको. उपचार काय, खर्च किती, सोबतीला कोण येणार, एवढे स्पष्ट सांगा. बरे होण्याची आशा सरली, तरी वेदना कमी होण्याची, नातवाला भेटण्याची, घरी परतण्याची आशा उरतेच. तिलाही खऱ्या शब्दांचाच आधार लागतो.