पलेर्मोचा दस्तरखान

भाच्याच्या पहिल्या पगाराची दावत पुण्यातल्या एका महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये झाली. मधे मोकळा चौक, कुंड्यांत लिंबाची झाडं, कोपऱ्यात छोटं कारंजं. मेनूकार्डावरचे भाव पाहून आपा दचकली. मग आपले नेहमीचे प्रश्न झाले : कशात वाइन आहे, कशात डुकराचं मांस आहे? वेटरने सगळं नीट सांगितलं. आम्ही वांग्याचा एक पदार्थ आणि बारीक, लांब पास्ता मागवला. ताट समोर आल्यावर आपा म्हणाली, "या तर शेवयाच! दुधाऐवजी टोमॅटोत घातल्यात, एवढंच."

सगळे हसले. पण आपाचं बोलणं इतिहासाच्या बरंच जवळ जाणारं होतं.

इ.स. 827 मध्ये ट्युनिशियाच्या अघलबी राजवटीचं सैन्य सिसिली बेटावर उतरलं. सेनापती होते कैरवानचे काझी असद इब्न अल-फुरात. 831 मध्ये पलेर्मो त्यांच्या हाती आलं आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ ते मुस्लिम राजवटीचं शहर राहिलं. 973 मध्ये तिथे आलेल्या इब्न हौकल या प्रवाशाने शहरात तीनशेहून अधिक मशिदी असल्याचं लिहून ठेवलं आहे. या काळात बेटावर ऊस, लिंबू, नारिंग, वांगं, पालक अशी पिकं रुजली. पलेर्मोच्या जमिनीखाली पाण्याचे भुयारी मार्ग, म्हणजे कनात, आजही पाहायला मिळतात. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, बांधलेली नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही विद्या अनोळखी वाटणार नाही.

नंतर नॉर्मन आले. 1072 मध्ये पलेर्मो आणि 1091 पर्यंत सगळं बेट त्यांनी घेतलं. तरी त्यांच्या दरबारात अरबी चालूच राहिली. राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल-इद्रीसीने 1154 मध्ये भूगोलाचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पलेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन आहे. तिथे पाणचक्क्या होत्या आणि 'इत्रिया' नावाच्या शेवया एवढ्या बनत की जहाजं भरून मुस्लिम आणि ख्रिस्ती, दोन्ही मुलखांत जात. कडक गव्हाचं पीठ मळून शेवया वाळवल्या की महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून त्या समुद्रप्रवासाला सोयीच्या. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला, असं अजूनही सांगितलं जातं. तो परतला 1295 मध्ये. त्राबियाच्या शेवया त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीच जहाजावर चढत होत्या.

मग इटालियन जेवण 'आपण दिलं' असं म्हणायचं का? तसंही नाही. 'इत्रिया' हा शब्द अरबीत मूळ ग्रीकमधून आला. टोमॅटो अमेरिकेतून आला, तोही कोलंबसानंतर. घराच्या मधे चौक ठेवण्याची रीत रोमन लोकांत आधीपासून होती. आपल्याकडची शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि इटालियनमध्ये झुक्केरो झाली. नारंगाचं नारंज आणि मग अरांचा झालं. वांग्यानेही संस्कृत, फारसी, अरबी असा प्रवास करून इटलीत मेलान्झाना हे नाव घेतलं. एका ताटात एवढे मुलूख असतात.

लेख इथेच थांबवला असता तर सगळं गोड झालं असतं. पण सिसिलीचा इतिहास इथे थांबत नाही.

सम्राट दुसरा फ्रेडरिक याला अरबी येत होती, अरब विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्यानेच बंडांनंतर, 1220 च्या दशकापासून, सिसिलीतले मुसलमान उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा इथे नेऊन वसवले. ते तिथे शेती करत, त्याच्या फौजेत तिरंदाज म्हणून लढत. 1300 मध्ये आन्जू घराण्याचा राजा दुसरा चार्ल्स याने ती वस्ती मोडली. माणसं गुलाम म्हणून विकली गेली, मशीद गेली, शहराचं नावसुद्धा बदलून सेंट मेरीच्या नावाने ठेवलं गेलं. लिंबू, साखर, वांगं आणि शेवया मात्र इटलीत राहिल्या. त्यांना कुणी परकं म्हटलं नाही.

सलोख्याच्या कार्यक्रमांत मी नेहमी ऐकतो : बिर्याणी सगळ्यांना आवडते, शीरखुर्मा खायला शेजारी येतात, म्हणजे आपलं नातं पक्कं आहे. शेजारी येतात याचा मलाही आनंद होतो. आमच्या घरी ईदला पातेलं मोठंच चढतं. पण इतिहास शिकवणारा माणूस म्हणून एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. पदार्थ आवडतो म्हणून तो रांधणारा माणूस आपला वाटेलच, असं सिसिलीत तरी झालं नाही. ज्या शेजाऱ्याला शीरखुर्मा आवडतो, तो मुसलमान भाडेकरूला घर देतो का, आपल्या मुलाला त्याच्या मुलाशेजारच्या बाकावर बसवतो का, आणि कुणी त्याला परका म्हटलं तर चार लोकांत 'नाही' म्हणतो का, हेही विचारावं लागतं. आणि हाच हिशेब आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या इतरांबद्दल आपणही मांडायला हवा.