मांजराच्या पिल्लाची सर्दी येते कुठून?

अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या बंदरांवर जाळ्यांच्या ढिगाआड किंवा मासळीच्या टोपल्यांमागे मांजर व्यालेली दिसली, की शेजारपाजारची मुलं त्यातलं एखादं पिल्लू हमखास घरी आणतात. चार-सहा दिवसांत ते शिंकायला लागतं. नाक चोंदतं, डोळे चिपडांनी चिकटतात, खाणं सुटतं. मग मी माणसांचा डॉक्टर असूनही प्रश्न माझ्याकडे येतो: ‘डॉक्टर, ही सर्दी आमच्या पोराला लागेल का?’ काही घरांत तर उत्तराचीही वाट बघत नाहीत. पिल्लू पुन्हा बंदरावर नेऊन सोडतात. आईपासून तुटलेलं आजारी पिल्लू तिथे फार दिवस काढत नाही.

या प्रश्नाचं उत्तर मिळायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. एक तर मांजराच्या आजाराकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झालं, पण त्या काळात काळजी होती ती बैलांची आणि घोड्यांची. आपल्याकडे मांजरावर डॉक्टरी लेखन झालं ते प्लेगच्या निमित्ताने. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं, की ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी. म्हणून लोकांनी मांजरं पाळावीत. (मांजरालाही प्लेग होतो, हे पुढे कळलं.) उंदीर मारणारं जनावर म्हणून मांजराला मान मिळाला. त्याच्या वाहत्या नाकाकडे कोण बघतो!

दुसरी अडचण नावाची होती. पिल्लांच्या बऱ्याच आजारांना तेव्हा ‘डिस्टेंपर’ असं एकच नाव असे. त्यातला उलट्या-जुलाबांनी पटापट पिल्लं मारणारा आजार विषाणूमुळे होतो, हे 1928 मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं गेलं. शिंका-सर्दीचा गुंता मात्र तसाच राहिला. त्यात 1933 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात माणसाचा फ्लू वाढवला, आणि 1936 मध्ये फेरेटकडून माणसाला फ्लू झाल्याची नोंदही झाली. म्हणजे जनावराच्या शिंकेची भीती अगदीच निराधार नव्हती. मांजराच्या सर्दीला इंग्रजीत ‘कॅट फ्लू’ म्हणतात. त्या नावाने घोळ आणखी वाढवला.

हा गुंता तीन टप्प्यांत सुटला. 1944 मध्ये अमेरिकेत बेकर यांना मांजरांच्या फुप्फुसात एक जंतू सापडला. त्यांना तो विषाणू वाटला, पण आज आपण त्याला क्लॅमिडिया गटातला जीवाणू म्हणतो. 1957 मध्ये न्यूझीलंडमध्ये फास्टियर यांना, पेशी वाढवण्याचं नवं तंत्र वापरताना, एक विषाणू मिळाला, तो कॅलिसिव्हायरस. पुढच्याच वर्षी क्रँडेल आणि मॉरर यांनी सर्दी झालेल्या पिल्लांतून तिसरा जंतू वेगळा काढला, तो मांजराचा हर्पिस विषाणू. बहुतेक सर्दीमागे हे शेवटचे दोन असतात, आणि दोघांचाही माणसाच्या फ्लूशी काही संबंध नाही.

तेव्हा पालकांना उत्तर असं: पिल्लाचा हर्पिस आणि कॅलिसिव्हायरस तुमच्या मुलाला लागत नाही. क्लॅमिडियाने क्वचित डोळे येऊ शकतात, म्हणून पिल्लाचे डोळे पुसल्यावर हात साबणाने धुवा. 2020 मध्ये तर उलटंच दिसलं, माणसांचा कोविड त्यांच्या मांजरांना झाला.

मला यातला सर्वांत मोलाचा शोध वाटतो तो 1977 चा. रोझलिंड गॅस्केल आणि पोवी यांनी हर्पिसमधून बऱ्या झालेल्या मांजरांवर प्रयोग केले. विषाणू शरीरातून जात नाही, दडून बसतो. आपल्याला तापानंतर ओठावर फोड येतात, तोच प्रकार. मांजराची फक्त जागा बदलली, तरी काहींच्या नाकातून साधारण आठवड्याने विषाणू पुन्हा बाहेर पडू लागला, आणि एक-दोन आठवडे पडत राहिला. बाळंतपण आणि पाजणं हाही तसाच ताण. म्हणजे धडधाकट दिसणारी आईच पिल्लांना विषाणू देते. आईकडून आलेलं संरक्षण दोन-तीन महिन्यांत ओसरतं, आणि नेमकं त्याच सुमारास आपण पिल्लू उचलून आणतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात; पण ती सोबत असते, ऊब आणि दूध देते. आपण एकट्या पिल्लाला नव्या घरात, कुत्र्याच्या आणि टीव्हीच्या आवाजात नेऊन ठेवतो. तुमच्या घरातल्या गार फरशीने सर्दी ‘दिली’ असं नसतं. ती बहुधा पिल्लाबरोबरच आलेली असते.

म्हणून पहिले दोन आठवडे पिल्लाला एका शांत, उबदार खोलीत ठेवा. घरात आधीचं मांजर असेल तर भांडी वेगळी ठेवा आणि त्याला या खोलीत येऊ देऊ नका, कारण कॅलिसिव्हायरस कोरड्या जागेवर महिनाभरही टिकतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळे-नाक पुसा, दर वेळी नवा कापूस घ्या. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून पिल्लाला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसलात तर नाक मोकळं होतं. मांजर वासावर खातं, नाक बंद तर पोट उपाशी. ताजे बोंबील बिनमिठाचे उकडून, काटे काढून कोमट द्या. खारवलेली सुकी मासळी नको.

माणसाची औषधं अजिबात नकोत. पॅरासिटामॉल पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. आपली एक साधी गोळी त्याचा जीव घेते. लायसिनच्या पावडरी हौसेने विकल्या जातात, पण 2015 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्यांचा उपयोग दिसला नाही. लस मात्र 1970 च्या दशकापासून आहे. ती लागण पूर्ण थांबवत नाही, आजार सौम्य करते. सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात.

पिल्लाने दिवसभर काही खाल्लं नाही, ते तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, डोळा उघडत नाही किंवा जिभेवर जखमा दिसतात, तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. एवढ्याशा जिवाकडे साठा फार नसतो. जाताना त्याला झाकलेल्या टोपलीत न्या, आणि रांगेत दुसऱ्या मांजरांपासून लांब बसा.