सशर्त लघुपथन मानांकन

सशर्त लघुपथन मानांकन म्हणजे विशिष्ट फ्यूजचे संरक्षण असताना एखादा स्विच, कॉन्टॅक्टर किंवा वितरण फलक लघुपथनाचा, म्हणजे शॉर्ट सर्किटचा, जास्तीत जास्त किती संभाव्य प्रवाह सुरक्षितपणे झेलू शकतो हे दर्शविणारे मूल्य होय. ते किलोअँपिअरमध्ये देतात. हे मूल्य एकट्या उपकरणाचे नसून उपकरण व फ्यूज या जोडीचे असते.

तत्त्व

लघुपथनात वाहक पट्ट्यांवर येणारे यांत्रिक बल प्रवाहाच्या शिखरमूल्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एचआरसी फ्यूजमध्ये चिनी मातीच्या नळीत चांदीची किंवा तांब्याची खाचा असलेली पट्टी असून तिच्याभोवती क्वार्ट्झची वाळू भरलेली असते. भारतात 50 हर्ट्झ प्रवाहाचे अर्धे आवर्तन 10 मिलिसेकंदांचे असते. मोठ्या दोषात पट्टी पहिले शिखर गाठले जाण्यापूर्वीच वितळते आणि वाळू प्रज्योतीची उष्णता शोषून ती विझवते. त्यामुळे प्रत्यक्ष शिखर संभाव्य शिखराच्या एक चतुर्थांश झाल्यास बल सोळाव्या हिश्श्यावर येते.

उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा तालुका कापूस पिकविणाऱ्या खानदेशात मोडतो. येथील शेतीपंप आणि सरकी काढणारे जिनिंग कारखाने यांची गरज वेगवेगळी आहे. शेतीपंपांसाठीच्या 100 केव्हीए, 433 व्होल्ट रोहित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे 133 अँपिअर असतो. संरोध 4.5 टक्के धरल्यास त्याच्या अग्रांवरील लघुपथन प्रवाह सुमारे 3 किलोअँपिअर होतो. कारखान्यातील 1000 केव्हीए रोहित्राचा संरोध 5 टक्के असल्यास तोच प्रवाह सुमारे 27 किलोअँपिअरवर जातो. तेथे लहान क्षमतेचा स्विच योग्य एचआरसी फ्यूजच्या आधारानेच टिकतो.

प्रमाणके

आयईसी 61439 नुसार संभाव्य प्रवाह 10 किलोअँपिअरपेक्षा अधिक नसल्यास, अथवा प्रवाहमर्यादक साधनामुळे पुढे जाणारे शिखर 17 किलोअँपिअरच्या आत राहत असल्यास, वितरण फलकाच्या लघुपथन सहनक्षमतेची पडताळणी आवश्यक नसते. एचआरसी फ्यूजसाठी आयएस 13703 हे भारतीय प्रमाणक आहे.

मर्यादा

उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराचा व मानांकनाचा फ्यूज बसविलेला असेपर्यंतच हे मानांकन लागू राहते. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज घातल्यास किंवा तार गुंडाळल्यास वीज सुरू होते, परंतु मानांकन रद्द ठरते; पुढील दोषात स्विच फुटून जवळच्या व्यक्तीस गंभीर इजा होऊ शकते. तसेच रोहित्रापासून, म्हणजे ग्रामीण भाषेतील 'डीपी'पासून, दूरच्या पंपावर दोषप्रवाह कमी असतो. तेथे फ्यूज उडण्यास वेळ लागतो व तो प्रवाहाचे शिखर रोखत नाही. म्हणून फ्यूज निवडताना लघुपथन आणि तारमार्गाची लांबी या दोन्हींचा विचार करतात.